मागावरची नजर : येवल्यातील विणकरांच्या दृष्टितपासणीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून कामाला सुरुवात केली. गेल्या वर्षीच्या शिबिरात आम्ही पैठणी विणणाऱ्यांचे डोळे नेहमीच्या पद्धतीने तपासले होते. भिंतीवर तक्ता लावायचा, एकेक डोळा झाकून अक्षरे वाचून घ्यायची आणि शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचता आले की ‘डोळे उत्तम आहेत’ असे सांगून पुढच्या माणसाला बोलवायचे. त्या दिवशी दोन्ही डोळ्यांनी ६/६ वाचलेल्या एका मावशी उठता उठता म्हणाल्या, ‘‘लांबचं दिसतंच हो, पण तारच दिसंना, त्याचं काय?’’ आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण आम्ही तार दिसते का हे तपासलेच नव्हते. हा प्रकल्प त्या प्रश्नासाठी आहे.

६/६ या आकड्याचा अर्थ आज सर्वांसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. उट्रेख्ट येथील डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये जो तक्ता तयार केला, त्यातील ६/६ चे अक्षर सहा मीटरवरून डोळ्याशी पाच कलांचा कोन करते आणि त्या अक्षराची प्रत्येक रेघ एका कलेची असते. (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग.) सहा मीटरवर त्या अक्षराची उंची ८.७ मिलिमीटर भरते. एखाद्याला ६/६० दिसते म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून ओळखता येईल असे अक्षर त्याला सहा मीटरवर यावे लागते. या आकड्यातून लांबच्या, काळ्या-पांढऱ्या, ठळक आणि स्थिर अक्षराविषयी कळते. विणकराचे दिवसातले आठ-दहा तास हातभर अंतरावर, रेशमाच्या रंगात, झिरझिरीत तारांवर जातात. त्या कामाविषयी हा आकडा काहीच सांगत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जवळच्या वाचनाचे मराठी कार्ड तयार करायला बसलो आणि दिवस कसा गेला ते कळले नाही. बाजारात मिळणाऱ्या कार्डांवरचा मराठी मजकूर बहुधा एखाद्या सलग परिच्छेदाचा असतो. त्यात एक अडचण आहे. वाचणारा अर्धी ओळ वाचतो आणि उरलेली अर्थावरून भरून काढतो. ‘गार वारा सुटला’ या वाक्यात ‘वारा’ अस्पष्ट दिसला तरी कोणी ‘बारा’ वाचत नाही. डोळा चुकतो, मेंदू सावरून घेतो आणि आम्ही मात्र डोळ्याला गुण देऊन मोकळे होतो.

म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले सुटे शब्द घ्यायचे ठरवले. देवनागरीत अशा तपासणीसाठी केवढी सामग्री आहे, हे आज नव्याने जाणवले. ‘व’ आणि ‘ब’ यांच्यात पोटातल्या एका तिरक्या रेघेचा फरक आहे, तर ‘प’ आणि ‘ष’ यांच्यातही तसाच. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यात शिरोरेषा जिथे तुटते तेवढ्याच जागेचा फरक आहे. त्यामुळे कार्डावर घर-धर, वारा-बारा, मला-भला, वाट-बाट अशा जोड्यांतले शब्द विखरून ठेवले. ज्याची नजर एका पायरीने उतरली आहे तो अडखळत नाही, तो ठामपणे चुकीचा शब्द वाचतो. तपासणाऱ्याने नेमके तेच टिपायचे आहे.

आकाराचा प्रश्न अधिक कठीण निघाला. रोमन लिपीसाठी ठरलेले एन-६, एन-८ हे आकार छापखान्याच्या पॉइंटवर आधारलेले आहेत. तोच पॉइंट देवनागरीला दिला, तर वरच्या-खालच्या मात्रांसाठी जागा सोडावी लागत असल्याने अक्षराचे अंग लहान होते, आणि किती लहान होते ते टंकानुसार बदलते. शेवटी पॉइंट बाजूला ठेवून शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची पट्टीने मोजायची असे ठरले. चाळीस सेंटिमीटरवर पाच कलांचे अक्षर ०.५८ मिलिमीटर उंच येते. एन-६ साठी त्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण १.१६ मिलिमीटर धरले. प्रत्येक ओळीत पाच शब्द आणि ओळीगणिक आकार सव्वापट, ही रचना बेली आणि लव्ही यांनी १९७६ मध्ये मेलबर्नला केलेल्या तक्त्यावरून घेतली. तिचा फायदा असा की वरच्या ओळीतली एक चूक आणि खालच्या ओळीतली एक चूक यांचे वजन सारखेच राहते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तपासणीला मदत करणाऱ्या सहा जणींचे प्रशिक्षण झाले. सगळ्या विणकर घरांतल्याच आहेत, त्यामुळे शिकवताना उदाहरणे त्यांनीच पुरवली.

डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे बहुतेक काम पारपटल, म्हणजे डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक भाग, करते. डोळ्याच्या साठेक डायॉप्टर (भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) शक्तीपैकी त्रेचाळीसच्या आसपास शक्ती एकट्या पारपटलाची असते, पण ती बदलत नाही. जवळचे पाहण्यासाठी जो बदल करावा लागतो तो आतले नेत्रभिंग करते. समायोजी स्नायू आवळला की भिंगाला धरून ठेवणारे बारीक तंतू सैल पडतात आणि भिंग आपोआप फुगते. तंतू सैल पडण्यासाठी स्नायू आवळावा लागतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते. एक ताई म्हणाल्या, ‘‘म्हणजे मागावरचा ताण उतरवल्यासारखं.’’ पुढे दिवसभर मी त्यांचाच दाखला वापरला.

हे काम पारपटलाचे नसून भिंगाचे आहे, हे टॉमस यंग या इंग्रज वैद्याने स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवले. पारपटलाला पाणी लागले की त्याची वळवण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. यंगने पाण्याने भरलेली नळी डोळ्याला लावली, गेलेल्या शक्तीची भरपाई बाहेरच्या भिंगाने केली आणि तरीही आपल्याला जवळ-लांब असे नजर बदलून पाहता येते, असे १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नोंदवले. मोतीबिंदूसाठी भिंग काढून टाकलेल्या माणसांना मात्र तसे पाहता येत नव्हते. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, म्हणून वेळ कमी असूनही सांगितला.

आता वयाविषयी. नेत्रभिंग आयुष्यभर वाढत राहते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे नवे थर बाहेरून चढतात, जुने थर आत दाबले जातात आणि भिंग हळूहळू कडक होते. दहा वर्षांच्या मुलाला बारा ते चौदा डायॉप्टरचे समायोजन (जवळचे पाहण्यासाठी भिंगाची शक्ती वाढवणे) जमते, चाळिशीत ते चार-पाचांवर येते आणि साठीत जेमतेम एक उरते. याला पाठ्यपुस्तकात वृद्धदृष्टिता म्हणतात, पण तो शब्द मी शिबिरात वापरू नका असे सांगितले. बेचाळीस वर्षांच्या बाईला आपण वृद्ध ठरवायचे कारण नाही, आणि आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहेच. वय, ती स्थिती आणि तिच्यासाठी लागणारा चष्मा या तिन्हींना मराठीत एकच नाव आहे : चाळिशी. ‘तुम्हाला चाळिशी लागली’ असे म्हटले की लोक हसतात, लाजतात, पण आपल्याला काय होते आहे ते त्यांना लगेच कळते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तपासणीचा पहिला दिवस वाया गेला. चूक माझी होती.

देवळाचा सभामंडप मिळाला होता. मोठी, शांत आणि सर्वांना येण्याजोगी जागा होती. सकाळी अकरापर्यंत तपासलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे जवळचे वाचन अपेक्षेपेक्षा एक-दोन ओळींनी मागे आले. पंचविशीतल्या, कोणतीही तक्रार नसलेल्या एका मुलीलाही एन-६ ला थांबावे लागले, तेव्हा मला शंका आली. प्रकाश मोजला तर कार्डावर फक्त ८५ लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) होता. आम्ही ५०० लक्सवर तपासणी करायची असे कागदावर लिहून ठेवले होते आणि जागेवर मात्र मोजायचे विसरलो.

कमी प्रकाशात दोन गोष्टी बिघडतात. बाहुली मोठी होते, त्यामुळे छोट्या छिद्रामुळे मिळणारा धारदारपणा जातो, आणि दृष्टिपटलावरचे (डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचे) शंकुपेशी हे बारकावे टिपणारे पेशी पुरेशा उजेडाशिवाय नीट काम करत नाहीत. वयस्कांच्या बाबतीत तर फरक आणखी मोठा पडतो. त्यांची बाहुली उजेडातही आणि अंधारातही लहानच राहते, भिंग पिवळसर झालेले असते आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. सभामंडपातल्या ट्यूबखाली बसलेली आजी आणि तिच्या शेजारी बसलेली नात एकाच उजेडात नव्हत्या, असेच म्हणावे लागेल.

आजच्या सर्व नोंदी रद्द केल्या आणि सगळ्यांची क्षमा मागून त्यांना पुन्हा बोलावले. एक गोष्ट मात्र हाती लागली. उद्यापासून घरोघरी माग जिथे मांडला आहे तिथला प्रकाशही मोजायचा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. तपासणी नव्हती. टेबल-दिवे, मीटर आणि ॲक्रिलिकऐवजी चकाकी नसलेल्या जाड कागदावरची नवी कार्डे यांची जुळवाजुळव केली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज सहा घरांतल्या मागांवर गेलो. प्रत्येक विणकराला काम करायला बसवून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून विणल्या जाणाऱ्या कापडाच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजले. बहुतेकांचे अंतर पन्नास ते साठ सेंटिमीटरच्या दरम्यान आले. चष्मा देताना आम्ही आजवर चाळीस सेंटिमीटर धरत आलो आहोत. ते अंतर पुस्तक वाचणाऱ्याचे आहे.

हा फरक किरकोळ नाही. चाळीस सेंटिमीटरवर स्पष्ट दिसण्यासाठी अडीच डायॉप्टर लागतात, पंचावन्नवर एक पूर्णांक आठ. ज्याच्याकडे दोन डायॉप्टरचे समायोजन उरले आहे, त्याने त्यातले निम्मे सतत वापरावे आणि निम्मे राखून ठेवावे हा नेहमीचा हिशेब. त्याप्रमाणे वाचनासाठी त्याला दीडचा नंबर लागतो आणि मागासाठी पाऊणच पुरतो. मागावर दोनहून जादा नंबराचा चष्मा घातला तर कापड स्पष्ट दिसण्याच्या अंतरापलीकडे पडते आणि विणकर नकळत पुढे वाकतो.

चौथ्या घरातल्या काकांकडे हेच प्रत्यक्ष दिसले. वय चोपन्न, मानेचे दुखणे चार वर्षांचे, त्यासाठी पट्टा आणि मालिश सगळे करून झाले होते. ते विणताना बघितले तर नाक जवळजवळ जरीला टेकले होते. चष्मा मागून घेऊन तपासला तेव्हा तो प्लस तीनचा निघाला. तो त्यांच्या दिवंगत वडिलांचा होता. तीन डायॉप्टरचा चष्मा घातलेल्या आणि समायोजन फारसे न उरलेल्या माणसाला तेहतीस सेंटिमीटरच्या आसपासच लख्ख दिसते, म्हणून ते तेहतीस सेंटिमीटरवर जाऊन बसत होते. चाचणीच्या चौकटीत सव्वाची भिंगे घालून त्यांना परत मागावर बसवले. पाठ सरळ झाली. त्यांनी डाव्या हाताने पदरावरच्या मोराच्या मानेजवळची कांडी उचलली, तारांच्या खालून नेली, पुन्हा तेच केले आणि मग हात थांबवून म्हणाले, ‘‘वडील असेच बसायचे.’’ वडिलांच्या काळी हा चष्मा वडिलांच्या डोळ्यांना कितपत बरोबर होता, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

नोंदपत्रकात ‘कामाचे अंतर’ हा रकाना आजपासून सक्तीचा केला आहे.

३ मार्च, सोमवार

आज एक आजी आल्या त्या तक्रार घेऊन आल्या नव्हत्या. घरातल्यांनी कौतुकाने पाठवले होते. वय अडुसष्ट. वीस वर्षे चाळिशी लावत होत्या आणि गेल्या सात-आठ महिन्यांपासून ती न लावता पोथी वाचतात. घरात सर्वांना हा देवाचा प्रसाद वाटतो. आमच्या कार्डावरही त्यांनी चष्म्याशिवाय एन-६ वाचले आणि जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला सांगितले. तिथे दोन्ही डोळ्यांनी ६/२४ च्या खाली जाता येईना. सूचिछिद्रातून, म्हणजे सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून, पाहिल्यावर थोडे सुधारले, म्हणजे दोषाचा काही भाग चष्म्याच्या नंबराचा होता. रेटिनोस्कोपने (बाहुलीत प्रकाश टाकून नंबर काढण्याचे उपकरण) पाहिले तेव्हा उणे अडीचच्या जवळपास नंबर आला आणि बाहुलीतली चमक मधोमध मंद, तेलाच्या थेंबासारखी दिसली. नेत्रभिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की त्याची प्रकाश वळवण्याची शक्ती वाढते, डोळा लघुदृष्टीकडे झुकतो आणि जवळचे चष्म्याशिवाय दिसू लागते. लांबची नजर त्याच वेळी ढळत असते. ही मोतीबिंदूची सुरुवातीची चाल आहे.

हे आजींना सांगणे आजच्या दिवसातले सर्वांत अवघड काम होते. मी पोथीविषयी काहीच बोललो नाही. ‘‘लांबून येणारा माणूस ओळखू येतो का?’’ एवढेच विचारले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘आवाजावरून ओळखते.’’ मुलाने त्यांच्याकडे पाहिले. घरात हे कोणाला ठाऊक नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी दिली.

११ मार्च, मंगळवार

आजचा दिवस रंग आणि फिकट अक्षरे यांच्यासाठी ठेवला होता.

पेली-रॉब्सन तक्ता १९८८ पासून वापरात आहे. त्यात सर्व अक्षरे एकाच मोठ्या आकाराची असतात, फक्त तीन-तीन अक्षरांमागे ती फिकट होत जातात आणि शेवटी कागदात विरून जातात. नजरेची धार आणि नजरेची फिकटपणा पकडण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजावून सांगायला याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही. तपासलेल्या साठीपुढच्या विणकरांपैकी काहींनी लांबच्या तक्त्यावर ६/६ वाचले आणि या तक्त्यावर ते तरुणांच्या बरेच आधी थांबले. काळ्या चंद्रकळेच्या ताण्यात एक काळी तार तुटली, तर ती शोधून सांधताना याच ताकदीचा कस लागतो.

रंगांसाठी इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या पाट्या होत्या, पण १९१७ पासून चालत आलेल्या त्या पाट्या मुख्यतः जन्मजात लाल-हिरव्या दोषासाठी आहेत. वयाने येणारा बदल वेगळा असतो. पिवळे पडलेले भिंग निळा-जांभळा प्रकाश अडवते, म्हणून निळ्याच्या बाजूचा फरक मिटत जातो. आम्ही एका विणकर ताईंच्या मदतीने रेशमाच्या बारा लडी घेतल्या, मोरपंखीपासून गडद निळ्यापर्यंत आणि पुढे काळ्यापर्यंत, आणि त्या क्रमाने लावायला सांगितल्या. ही प्रमाणित चाचणी नाही आणि तिच्यावरून निदान करायचे नाही, हे नोंदपत्रकावर स्पष्ट लिहिले आहे. तरीही काय दिसले ते लिहितो. दोन ज्येष्ठ विणकरांनी गडद निळी लड काळ्यांमध्ये ठेवली. तीच लड खिडकीच्या उजेडात नेल्यावर त्यांच्यापैकी एकाने ती स्वतःहून बाहेर काढली. दुसऱ्यांनी काढली नाही. ते म्हणाले की अलीकडे रंग निवडायला ते सुनेला बोलावतात आणि सुनेला वाटते की हा त्यांचा तिला शिकवण्याचा मार्ग आहे.

१८ मार्च, मंगळवार

चष्मे आले. तयार चाळिशी आणि नंबराप्रमाणे घडवलेले चष्मे वेगवेगळे ठेवले. ज्यांचे दोन्ही डोळे लांबच्या नजरेला सारखे आहेत आणि ज्यांना सिलिंडरचा नंबर (उभ्या-आडव्या दिशांना वेगळी शक्ती लागणे) नाही, त्यांना तयार चाळिशी पुरते आणि ती स्वस्त पडते. बाकीच्यांना ती देऊ नये. एका बाईंच्या दोन डोळ्यांत दीड डायॉप्टरचा फरक होता. त्या तयार चष्म्यावर दोन वर्षे एकाच डोळ्याने विणत होत्या आणि आपला एक डोळा थकतो एवढेच त्यांना जाणवत होते.

साध्या चाळिशीचा कामावर किती परिणाम होतो, याविषयी आसामच्या चहामळ्यांतला २०१८ चा अभ्यास आज मदतनीस ताईंना सांगितला. चाळिशीपुढच्या पानतोड्या कामगारांना जवळचे चष्मे दिल्यावर त्यांची दिवसाची तोडणी, चष्मे न मिळालेल्यांच्या तुलनेत, २१ टक्क्यांहून अधिक वाढली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात जगभरातल्या ८२ कोटींहून अधिक माणसांची चाळिशी चष्म्याविना राहिली असल्याचे म्हटले आहे. मला या आकड्याने दरवेळी अस्वस्थ व्हायला होते, कारण या दोषावर ना शस्त्रक्रिया लागते ना औषध. दोन काचा लागतात.

एक काळजीची नोंद. एकावन्न वर्षांच्या एका विणकराची लांबची आणि जवळची नजर दोन्ही उत्तम होती, चष्मा घेऊन ते जायला निघाले आणि दाराजवळ डाव्या बाजूला ठेवलेल्या स्टुलावर आदळले. थांबवून समोरासमोर बसून बोटे हलवत बाजूची नजर तपासली तर दोन्ही डोळ्यांत ती अरुंद वाटली. काचबिंदू मधली नजर शेवटपर्यंत राखून ठेवतो आणि कडेची आधी खातो, त्यामुळे कोणत्याही अक्षरतक्त्यावर तो पकडला जात नाही. डोळ्यातला दाब साधारण पाऱ्याच्या दहा ते एकवीस मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण दाब मर्यादेत असूनही काचबिंदू असू शकतो. म्हणून दाब, डोळ्याच्या नसेची तपासणी आणि दृष्टिक्षेत्राचा आलेख या तिन्हींसाठी त्यांना तातडीने पुढे पाठवले. सोबत सख्खे भाऊ-बहीण आणि मुले यांचीही तपासणी करून घ्यायला लिहिले.

तक्ता आणि कार्ड यांच्या जोडीने बाजूच्या नजरेची ही दोन मिनिटांची तपासणी आता प्रत्येकाची करायची.

२ एप्रिल, बुधवार

पाडवा झाला. लग्नसराईच्या साड्यांची घाई चालू आहे, त्यामुळे भेटी मागावरच घेतल्या.

चोपन्न वर्षांच्या काकांना पुन्हा टेप लावला. कामाचे अंतर छप्पन्न सेंटिमीटर. मान पूर्ण बरी नाही, पण रात्री झोप लागते. सव्वाच्या चष्म्यातून हिशेबाची वही वाचता येत नाही, ही त्यांची तक्रार योग्य आहे. मागासाठी एक आणि वाचनासाठी एक असे दोन चष्मे द्यायचे की खालच्या भागात जादा नंबर घातलेला एकच, यावर आम्ही बराच वेळ बोललो. विणताना विणकर कापडाकडे खाली पाहतो, त्यामुळे चष्म्याचा खालचा भाग मागासाठीच लागतो आणि वाचनाचा नंबर तिथे घातला तर पुन्हा वाकणे आले. दोन वेगळे चष्मे, वेगवेगळ्या रंगांच्या चौकटीत, असे ठरले.

मागांजवळचा प्रकाश ज्या घरांत कमी होता तिथे दिव्याची जागा बदलली. मागे टांगलेल्या दिव्याने विणकराची स्वतःचीच सावली कापडावर पडत होती. डाव्या खांद्याच्या वर, थोडा पुढे असा दिवा घेतल्यावर कापडावरचा प्रकाश एका घरात १४० लक्सवरून ४९० झाला. जरीवर चकाकी येते अशी दोघांनी तक्रार केली. तिथे दुधी काच लावून पाहायची आहे.

एकावन्न वर्षांच्या विणकराचे थेंब सुरू झाले आहेत आणि त्यांच्या धाकट्या बहिणीची तपासणी येत्या सोमवारी आहे.

आजींची उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आठ दिवस होऊन गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी गल्लीच्या टोकाला वळलो तेव्हाच त्यांनी हात वर केला. मी काही बोललो नव्हतो. पोथीसाठी पुन्हा चाळिशी लागणार हे त्यांना सांगून झाले आहे. नंबर महिन्याभराने, डोळा स्थिरावल्यावर काढायचा.

कार्डाच्या तिसऱ्या छपाईत ‘बाट’ हा शब्द बदलायचा आहे. तो वापरात नसल्याने चांगली नजर असणारेही त्याला सवयीने ‘वाट’ वाचतात. त्याऐवजी ‘बात’ आणि ‘वात’ घेतले.